अंकोल्याचं ग्रहण

हेरेकर सरांनी माझ्या हातातला पुठ्ठ्याचा चष्मा काढून घेतला, व्हरांड्यातल्या उन्हाकडे धरला आणि हसले.

"यातून तू सूर्य बघणार?"

"मिनेझिस बाईंनी दिलाय, सर. ग्रहण बघायला. एक्स-रेच्या फिल्मचे दोन पदर लावलेत आत."

"कुणाचा एक्स-रे?"

"माहीत नाही. दवाखान्यातल्या जुन्या फिल्म मागून आणल्या त्यांनी."

"म्हणजे कुणातरी खोकणाऱ्या माणसाच्या छातीतून तू सृष्टीतलं सगळ्यात मोठं दृश्य बघणार! तांब्याच्या पैशाएवढा गोळा दिसेल. बघ, जरूर बघ." त्यांनी चष्मा माझ्या हातात परत ठेवला. "पण त्याला बघणं म्हणू नकोस, कुमुद. ती तपासणी झाली."

मी तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बेळगावच्या खाली, घाटाच्या तोंडाशी आमचं गाव. तिथे नुकतंच कॉलेज निघालेलं. हेरेकर सर इंग्रजी वाङ्मय शिकवायचे. पस्तिशीचे, अविवाहित, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारे. आवाज असा की बाकीच्या वर्गांतली मुलंही दाराशी येऊन उभी राहत. माझा एक निबंध त्यांनी भर वर्गात वाचून दाखवला होता आणि "ही मुलगी लिहिणार" असं म्हणाले होते. त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगत होते. वडील लहानपणीच गेले; घरात पुस्तक म्हणून पंचांग आणि पोथी. सरांनी मला त्यांच्या कपाटातली पुस्तकं दिली. मी जेवताना वाचायची, चुलीपाशी वाचायची, आईच्या शिव्या खात वाचायची.

ऐंशी सालचं खग्रास ग्रहण जवळ आलं तसा सरांना रंग चढला. ते शिकवत होते रोमँटिक कवींचा काळ. म्हणाले, "दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी विलायतेत काही कवी जेवायला जमले आणि एका थोर शास्त्रज्ञाच्या नावाने त्यांनी बोटं मोडली. का? तर त्याने इंद्रधनुष्याचे रंग वेगळे करून दाखवले आणि त्यातलं काव्य मारून टाकलं. पुढच्या शतकातले लेखक उलटे निघाले. त्यांनी यंत्रालाच देव केलं, मोटारीवर आणि विमानावर स्तोत्रं लिहिली. मग त्याच विमानांनी त्यांच्या शहरांवर बॉम्ब टाकले." त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "यंत्र माणसाच्या आणि सृष्टीच्या मधे उभं राहिलं की आश्चर्य मरतं. हे ग्रहण आपल्या दाराशी येतंय, पुन्हा आपल्या जन्मात येणार नाही. एक क्षण तरी ते उघड्या डोळ्यांनी बघा. डोळा हे भीत भीत वापरायचं इंद्रिय नाही."

माझ्याकडे बघूनच ते बोलत होते, असं मला वाटलं. कदाचित बोलतही असतील.

मिनेझिस बाई फिजिक्सच्या. पन्नाशीला टेकलेल्या, ठेंगण्या, जिभेने फटकळ. ग्रहण आमच्या गावात पूर्ण दिसणार नव्हतं, अंकोल्याच्या किनाऱ्यावर दिसणार होतं. म्हणून त्यांनी बस ठरवली. कुठल्याही वर्गाच्या मुलांना यायची मुभा होती. पण त्याआधी आठवडाभर रोज कॉलेज सुटल्यावर मैदानात कवायत. बाई गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या राहायच्या.

"पहिली शिट्टी वाजली की फिल्म खाली. सूर्य पूर्ण झाकलेला असेल, तेवढाच वेळ उघड्या डोळ्यांनी बघायचं. दुसरी शिट्टी वाजली की त्याच क्षणी फिल्म वर. मधे काय दिसतंय, किती सुंदर आहे, मला सांगू नका. कवटीत डोळे दोनच आहेत, आणि सुटे भाग बाजारात मिळत नाहीत."

मुलं त्यांची नक्कल करायची. मीही हसायची.

घरी आईने सरळ नाही म्हटलं. "ग्रहणात कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतं का? शहाण्यासारखी घरात बस." मी रडले, जेवले नाही. शेवटी सर स्वतः आमच्या घरी आले. आईने त्यांना चहा दिला.

"काकू, हे चंद्राच्या सावलीचं काम आहे. राहू-केतूचं नाही," सर म्हणाले. "कुमुदसारख्या मुलीला तुम्ही दाराआड बसवणार? मी स्वतः बरोबर जातोय."

"तुम्ही असाल तर मग माझी काही हरकत नाही," आई म्हणाली.

ग्रहणाच्या दिवशी पहाटे बसपाशी सर आले नाहीत. त्यांच्या शेजारच्या मुलीने निरोप आणला, सरांना ताप आहे. मिनेझिस बाईंनी त्यांच्या नावावर काट मारली आणि बस सोडायला सांगितलं. घाट उतरेपर्यंत मी खिडकीशी बसून होते. मला सरांची दया येत होती. ज्याला हे सगळ्यात जास्त कळलं असतं, नेमका तोच घरी पडून राहिला. त्यांच्या वाटचंही आपणच बघायचं, असं मी ठरवलं.

अंकोल्याचा किनारा ओस पडला होता. एरवी कोळणींचा गलका असायचा तिथे एकही माणूस नाही. घरांची दारं लावलेली, देवळाला कुलूप. वाळूवर होड्या पालथ्या घातलेल्या. बाईंनी आम्हाला एका ओळीत उभं केलं आणि स्वतः आमच्याकडे तोंड करून, समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्याचं तेव्हा मला काही वाटलं नाही.

सूर्याला एका बाजूने चावा बसला. आम्ही फिल्म लावून बघितलं. खरंच, पैशाएवढा गोळा. तांबूस, निर्जीव. मुलं "बघू, बघू" करत होती. तासाभराने ऊन विचित्र झालं, पिवळं, आजारी माणसाच्या नखासारखं. वारा गार पडला. सगळ्यांची तोंडं वर होती. मी हळूच ओळीतून मागे सरले आणि एका पालथ्या होडीच्या आड जाऊन उभी राहिले.

सूर्याची नुसती चीर उरली होती. मी फिल्म खाली केली.

पहिली शिट्टी अजून वाजली नव्हती. मग वाजली. मग कितीतरी वेळ, निदान मला वाटलं कितीतरी वेळ, शांतता होती. मग दुसरी शिट्टी वाजली. ती मी ऐकली. ऐकू आली नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण मान खाली गेली नाही. त्या मधल्या वेळात मी काय पाहिलं ते मी पुढे आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं. त्या सांगण्यापर्यंत येतेच.

कुणीतरी धावत आलं, माझ्या डोळ्यांवर तळहात आपटला आणि मला वाळूत बसवलं.

"किती वेळ? किती वेळ बघत होतीस, गो?" बाईंचा आवाज फाटला होता. "बोल!"

"दुखत नाही, बाई," मी म्हटलं. खरंच दुखत नव्हतं.

बसमध्ये मुलं गात होती. माझ्यासमोर एक हिरवट ठिपका नाचत होता. जाईल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने हाक मारली म्हणून मी तिच्याकडे बघितलं, तर पदर होता, हात होते, हातात तांब्या होता, आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. मी तिच्या बांगड्यांकडे नजर वळवली. बांगड्या गेल्या आणि कडेला चेहरा आला. मी पुस्तक उघडलं. ज्या शब्दाकडे बघावं तो शब्द पुसला जायचा. आजूबाजूचे होते, पण त्यांच्याकडे गेलं की तेही जायचे.

बेळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. "लहानपणी भिंगाने कागद जाळला होतास कधी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "तुझ्या डोळ्यातही एक भिंग आहे, बाळ. कागद मागे आहे."

"औषध?" आई म्हणाली.

त्यांनी आईला बाजूला नेलं. थोडं सुधारेल असं ते म्हणाले होते. काही सुधारलं नाही. मी त्यानंतर पुस्तक वाचलेलं नाही. हेसुद्धा मी बोलतेय आणि माझी भाची लिहून घेतेय.

कॉलेजात बोभाटा झाला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली, आणि तिच्यात हेरेकर सर होते. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. संत्री आणली होती. मी खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या खांद्यापलीकडच्या कोनाड्याकडे नजर लावली, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा कडेला आला. दाढी वाढलेली होती.

"कुमुद," ते म्हणाले. "उद्या तुला विचारतील. मी वर्गात काय बोललो ते. लोकांना वाङ्मय कळत नाही. त्याचा भलता अर्थ लावतील."

"मग मी काय सांगू, सर?"

"खरं तेच सांग. पण वर्गातलं वर्गात राहू दे, एवढंच."

आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "ताप उतरला का तुमचा, सर?"

"हो, उतरला."

"तुमच्या आई भेटल्या होत्या विहिरीवर. सांगत होत्या, माझ्या मुलाने ग्रहण कसं कडक पाळलं. खिडक्यांना कांबळी लावून देवघरात बसला होता म्हणे. मोक्ष झाल्यावर डोक्यावरून पाणी घेतलं, मग जेवला." आईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "माझ्या मुलीला मात्र तुम्ही दाराआड बसू दिलं नाहीत."

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. ते म्हणाले, "आईचा जीव घाबरा झाला होता, काकू. तिने शपथ घातली. मला तिला टाकून जाता आलं नाही." मग, आई आत गेल्यावर, ते पुढे झुकले. त्यांचा तो आवाज आता अगदी बारीक झाला होता. "कुमुद, कसं होतं गं? मुलांना विचारलं. नुसतं 'भारी होतं, सर' म्हणतात. तू सांगशील. तुला सांगता येईल."

मी कोनाड्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भूक होती. उपाशी माणूस दुसऱ्याच्या पानाकडे बघतो तशी.

"सांगता येणार नाही, सर," मी म्हटलं.

त्यांनी संत्री ठेवली आणि ते गेले.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. टेबलापलीकडे तिघं, मिनेझिस बाई भिंतीशी लाकडी स्टुलावर. मला विचारलं, बाईंनी सूचना दिल्या होत्या का? मी म्हटलं, दिल्या होत्या. शिट्टी वाजवली होती का? वाजवली होती, दोन्ही वेळा. फिल्म दिली होती का? माझ्या हातात होती.

"मग उघड्या डोळ्यांनी का बघितलंस?" प्राचार्य म्हणाले.

मी सरांच्या दिशेने तोंड केलं. नजर नेमकी त्यांच्यावर गेली, त्यामुळे ते मला दिसेनासे झाले. "हेरेकर सर वर्गात म्हणाले होते. एक क्षण तरी उघड्या डोळ्यांनी बघा. डोळा हे भीत भीत वापरायचं इंद्रिय नाही."

"सर?" प्राचार्यांनी विचारलं.

"हो, मी म्हणालो होतो," सर शांतपणे म्हणाले. आवाज पुन्हा वर्गातला झाला होता. "रोमँटिक काव्याच्या संदर्भात. ते रूपक होतं. 'उघडे डोळे' म्हणजे जागं मन. वाङ्मयाच्या वर्गात असं बोललं जातं. विद्यार्थिनीने त्याचा शब्दशः अर्थ घेतला, याचं मला अतिशय दुःख आहे."

"अर्थात," समितीतले तिसरे गृहस्थ म्हणाले. "रूपकच ते."

"मग ती मुलगी ओळीतून सुटली कशी?" प्राचार्य भिंतीकडे वळले. "तुमचं लक्ष कुठे होतं, मिस मिनेझिस?"

बाई काही बोलल्या नाहीत. दोनदा विचारलं तरी बोलल्या नाहीत.

त्यांना राजीनामा द्यायला लावला. सरांवर ठपका आला नाही. काही वर्षांनी तेच प्राचार्य झाले. त्यांच्या खोलीवरून जाताना मुलं म्हणत, सर काय बोलतात! ते खरंच चांगलं बोलायचे.

गाव सोडायच्या दिवशी बाई आमच्याकडे आल्या. भावाकडे मडगावला चालल्या होत्या. हातात एक ट्रंक आणि छत्री. आईने त्यांना पाणी दिलं. त्या माझ्यासमोर बसल्या, आणि बसल्याबसल्या म्हणाल्या, "मी कीव करायला आलेली नाही. माझा तुझ्यावर राग आहे. आठवडाभर घसा फोडला मी. ठिकठिकाणी बावीस वर्षं शिकवलं, आणि हे असं."

"हो, बाई."

"हो काय? होडीमागे का गेलीस?"

"तुम्ही बघाल म्हणून."

त्या म्हणाल्या, "मी मोजत होते. डोकी मोजत होते. एक कमी आलं. परत मोजली, परत एक कमी. तोवर शिट्टीची वेळ झाली."

"प्राचार्यांना हे का सांगितलं नाहीत? तुम्ही आमच्याचकडे बघत होतात ते?"

"एक डोकं कमीच होतं ना? मग सांगून काय?" त्यांनी छत्री मांडीवर आडवी घेतली.

तेव्हा मला समजलं. किनाऱ्यावर बाई समुद्राकडे पाठ करून उभ्या होत्या. शेवटपर्यंत.

"बाई, तुम्ही वर बघितलंच नाही?"

"पाठ फिरवली असती तर एखादं कार्टं फिल्म काढून बसलं असतं." मग हसल्यासारखा आवाज आला. "तरी बसलंच."

"एकदाही नाही?"

"कॉलेजात शिकत होते तेव्हापासून वाट बघत होते मी या ग्रहणाची. तारीख पाठ होती." त्यांनी घोटभर पाणी घेतलं. "असू दे. येतात ग्रहणं."

मी खिडकीकडे नजर केली. बाईंचा चेहरा कडेला आला, डोळ्यांखाली काळं, ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. मी आपणहून सुरुवात केली.

"आधी सावली आली, बाई. समुद्रावरून. ढगाची येते तशी नाही. एकेक गाव विझत यावं तशी. लाटांवरची चमक एका बाजूने पुसत आली, आणि वाळूवर काळ्या-पांढऱ्या रेघा सळसळायला लागल्या, ओढ्याच्या तळाशी दिसतात तशा."

"त्या मी बघितल्या," बाई एकदम म्हणाल्या. "तुमच्या पायांवरून गेल्या. मी खालीच बघत होते ना."

"मग ती चीर तुटली. तिचे मणी झाले. मग एकच मणी उरला, तो इतका झगमगला की मला ओरडावंसं वाटलं. मग तोही गेला."

"आणि?"

"आणि तिथे सूर्य नव्हता. भोक होतं. काळोखापेक्षा काळं. त्याच्याभोवती पांढरं काहीतरी पसरलेलं, पाण्यात कापूस सुटावा तसं, चारी बाजूंनी, पण हलत नव्हतं."

"चारी बाजूंनी? नक्की?" बाई पुढे सरकल्या. "लांबट नव्हतं?"

"नाही. फुलासारखं. गोल."

"बरोबर. या वर्षी सूर्यावर डाग जास्त आहेत, म्हणजे गोलच असायला हवं. आणि कडेला? कडेला रंग होता?"

"गुलाबी. जास्वंदीच्या कळीचं टोक असतं ना, तसे दोन-तीन ठिपके. एक उजवीकडे, खाली. वर शुक्र होता. क्षितिजावर सगळीकडे संध्याकाळ होती, बाई, एकाच वेळी चारी दिशांना. कावळे झाडांकडे निघाले होते, आणि मधेच गोंधळून परत फिरले."

बाईंचा श्वास ऐकू येत होता.

"भीती वाटली?" त्यांनी विचारलं.

"वाटली. आपण नसतो तरी हे असंच झालं असतं, असं वाटलं. त्याला आपलं काही पडलेलंच नव्हतं. आणि तरी वाटलं की मी नजर काढली तर ते विझेल. म्हणून नाही काढली."

"हेरेकरांमुळे नाही?"

"फिल्म खाली केली ती त्यांच्यामुळे. नंतर ते आठवलेही नाहीत."

आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. बाहेर स्टँडवर मडगावच्या गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा. आई म्हणाली, "बाई, तुमची गाडी." बाईंनी मान हलवली, पण उठल्या नाहीत. त्यांनी ट्रंक पायाने भिंतीकडे सरकवली, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि डोळे मिटून घेतले.

"जाऊ दे ती," त्या म्हणाल्या. "तू पहिल्यापासून सांग. सावकाश."